मॅकबेथच्या पापाचा धनी मॅकबेथच

इंदूरच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांमधून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. रामबागेतल्या गटापासून नात्यागोत्यातल्या गटांपर्यंत सगळीकडे तो येऊन गेला. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मॅकबेथ हा मुळात शूर आणि सज्जन सरदार. चेटकिणींनी त्याच्या डोक्यात राज्याचं खूळ भरलं, बायकोनं त्याला राजा डंकनचा खून करायला लावला आणि सिंहासनानं त्याचं उरलंसुरलं माणूसपण संपवलं. शेवटी आनंदीबाईंनाही ओढून आणलंय: ‘आपल्याकडेही ध चा मा करणारी बाईच होती.’

यातला एकेक मुद्दा नाटकासमोर धरून पाहू.

आधी चेटकिणी. त्या मॅकबेथला ग्लॅमिसचा सरदार म्हणतात, कॉडरचा सरदार म्हणतात आणि पुढे राजा होशील म्हणतात. खुनाचा शब्दही काढत नाहीत. कॉडरची सरदारी तर बोट न हलवता, निरोप्याच्या तोंडून चालून येते. तेव्हा मॅकबेथच मनाशी म्हणतो की नशिबात राजा होणं असेल, तर मी काही न करताही मुकुट डोक्यावर येईल. वाट त्याला दिसत होती. पण त्याच्या आधीच, त्याच प्रवेशात, खुनाचा विचार त्याच्या मनात येऊन गेलेला असतो. तो कुणी पेरलेला नाही. शेजारी त्याचा सोबती सरदार बँको उभा आहे. त्यालाही भविष्य सांगितलंय, तुझ्या वंशात राजे होतील म्हणून. बँको काही संत नाही. पुढे मॅकबेथचा संशय येऊनही तो गप्पच राहतो. पण तो सुरा उचलत नाही. शेक्सपिअरनं ज्या होलिनशेडच्या इतिहासावरून हे नाटक रचलं, त्यात बँको कटात सामील आहे. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता, म्हणून तो डाग पुसला असं म्हणतात. कारण काहीही असो, नाटकात त्यामुळे एकच भविष्य ऐकलेली दोन माणसं समोरासमोर उभी राहिली, आणि चेटकिणींवर खापर फोडायची सोय गेली.

आता बायको. या मुद्द्यावर मला खरोखर राग येतो, कारण पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश ज्यानं नीट वाचलाय त्याला असं लिहिताच येणार नाही. घरात राजाची मेजवानी चालू आहे आणि यजमान ताटावरून उठून एकटाच बाहेर आलाय. तो मनाशी हिशेब करतो: मी याचा नातलग, याचा सरदार, आज याचा यजमान, मारेकऱ्यासमोर दार लावून घ्यायचं सोडून मीच सुरा घेऊ? डंकन किती सौम्य राजा आहे, हेही त्याला ठाऊक आहे. शेवटी तो कबूल करतो की मला टोचणी लावणारं एकच आहे, माझी महत्त्वाकांक्षा. बायको अजून आलेलीसुद्धा नाही!

ती येते, त्याची मर्दानगी काढते, भयंकर बोलते. ते नाकारायचं कारण नाही. पण बेत पहिल्यांदा तूच माझ्यापुढे काढलास, असं ती तोंडावर सुनावते आणि तो ते खोडत नाही. त्याचा प्रश्न काय? ‘फसलो तर?’ पहारेकऱ्यांना दारू पाजून आळ त्यांच्यावर ढकलायची युक्ती तिनं सांगितली की हा तयार. त्याला पाप-पुण्याचं उत्तर नको होतं, बेत तडीस जाईल याची खात्री हवी होती.

पुढे बँकोचा खून तो तिला न सांगता करवतो. तुला हे माहीत नसलेलंच बरं, म्हणतो. फाइफचा सरदार मॅकडफ याची बायको आणि मुलं कापली जातात, त्यातही तिचा हात नाही. तरी पाचव्या अंकात झोपेत चालताना तीच विचारते, ‘फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?’ जे तिनं केलं नाही, तेही तिला छळतं आहे.

आनंदीबाईंबद्दल तर इंदूरकरांनी असं लिहू नये. 1767 साली अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव होळकर वारले आणि होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांच्या सांगण्यावरून राघोबादादा फौज घेऊन होळकरांच्या दौलतीवर आले. तेव्हा कुणी कोणतं अक्षर बदललं होतं? अहिल्याबाई ठाम उभ्या राहिल्या म्हणून त्यांना तो बेत सोडावा लागला. सहा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबांना. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तला तो प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या पाहूनही आपल्याला फक्त ध चा मा आठवावा, याचं वाईट वाटतं.

राहिला सिंहासनाचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. मुकुट मिळाल्यावर मॅकबेथला झोप नाही. नुसतं राजा असणं काही नव्हे, निर्धास्त राजा असायला हवं, या भीतीपोटी तो खून करत सुटतो. पण डंकनला मारलं तेव्हा तो राजा नव्हता. सत्तेनं बिघडवलं म्हणावं, तर पहिलं पाप सत्तेच्या आधीचं आहे. सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकात क्रेऑन गादीवर येताच म्हणतो की माणूस राज्य करताना पारखल्याशिवाय कळत नाही. पुढे त्याचीच पारख होते आणि आपल्या हट्टापायी तो मुलगा आणि बायको दोघांना गमावतो. अहिल्याबाईंच्या हातीही 1795 पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं सत्ता होती. त्या काळाबद्दल माळव्यात आजही लोक काय बोलतात, ते मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना मी सांगायला नको.

इतिहासातला मॅकबेथ 1040 ते 1057 असा सतरा वर्षं राजा होता आणि डंकन त्याच्याशी झालेल्या लढाईत पडला होता. शेक्सपिअरनं तो मृत्यू रणांगणावरून उचलून पाहुण्याच्या बिछान्यावर आणला. ज्याला मॅकबेथ सज्जन पण दुर्दैवी दाखवायचा होता, त्यानं असा बदल केला नसता.