‘बाई, ते खरं. पण मी झोपू कुठं?’

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. हॉस्टेलच्या गच्चीवर पोरांचा वाद चाललेला, त्यात हा एकटा ख्रिस्ती, म्हणून सगळ्यांनी ह्यालाच धरलेलं. “मावशी, तू आठवडाभर वर्गात उत्क्रांती शिकवायचीस आणि रविवारी संडे स्कूलमध्ये बायबलातला उत्पत्तीचा पहिला अध्याय, देवानं सहा दिवसांत सृष्टी केली तो. मग तू नक्की काय मानतेस? आणि गर्भपाताचं नाव काढलं की आपल्या मंडळीत सगळे एवढे कडक का होतात?”

“लिहून पाठवते,” म्हटलं. लिहायला बसले तेव्हा कळलं की हे एकट्या त्याला लिहिण्यासारखं नाही. म्हणून इथे टाकतेय. लांबलंय, सवडीनं वाचा.

मी मिरजेची. तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. आई नर्स होती. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, त्याच्या आसऱ्यानं जी ख्रिस्ती घरं इथे वाढली त्यांतलंच आमचं एक. आमच्यात बायबलला ‘शास्त्र’ म्हणतात, आणि शाळेत विज्ञानाच्या तासालाही जुनी माणसं शास्त्राचा तासच म्हणायची. लहानपणी मला ते दोन्ही एकाच पुस्तकाचे भाग वाटायचे. मोठेपणीही फारसं वेगळं वाटलेलं नाही.

उत्क्रांतीचं आधी सांगते, ते मला सोपं जातं.

आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. अवशेषांगं शिकवताना मी मुलांना विचारायची, कान कुणाला हलवता येतो? दरवर्षी एखादा निघायचाच. मग माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ. आपल्या अंगावर आपला इतिहास लिहिलेला आहे हे पोरांना त्या दिवशी कळायचं आणि वर्ग गप्प व्हायचा. तो धडा शिकवताना माझ्या विश्वासाला कधी ओरखडाही उठला नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढल्याचं गाजलं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. देवाच्या निर्मितीचं एवढं मोठं पान मुलांपुढून काढून घेतल्यासारखं वाटलं.

त्याच धड्यात ज्याचं नाव येतं तो मेंडेल कोण होता? ब्रनोच्या मठातला ख्रिस्ती संन्यासी. मठाच्या बागेत त्यानं आठ वर्षं वाटाणे लावले, सुमारे २८ हजार झाडं तपासली, आणि १८६६ साली निबंध छापला. पुढे उत्क्रांतीला जो आनुवंशिकतेचा पाया मिळाला तो ह्या मठवासी माणसाच्या वाफ्यांतून. डार्विनचं म्हणणं अमेरिकेत ज्यानं हिरिरीनं मांडलं तो वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हाही श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन. म्हणजे आपल्या मिरजेच्या जुन्या मिशनवाल्यांच्याच पंथाचा. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात एका शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला, ते भांडण त्या देशाचं, त्या काळाचं. आता तिकडचे व्हिडिओ मराठीत डब होऊन चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर फिरतात आणि आपली पोरं ते भांडण आपलंच समजून अंगावर घेतात.

उत्पत्तीचा पहिला अध्याय नीट वाचा. उजेड पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी. लिहिणाऱ्याला एवढं कळत नव्हतं का? कळत होतं. आजूबाजूचे सगळे लोक सूर्यचंद्राला देव मानून पुजत होते, आणि हा अध्याय त्यांची नावंसुद्धा घेत नाही, नुसतं मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणतो. टांगलेले दिवे आहेत, पाया पडू नका, असं तो सांगतोय. तो प्रयोगवहीसारखा वाचायचा नसतो. हे मी नव्यानं सांगत नाही. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीननं उत्पत्तीवर लिहिताना बजावलं होतं की आकाश, तारे, प्राणी ह्यांबद्दल ज्याला खरी माहिती आहे अशा परक्यासमोर ख्रिस्ती माणसानं शास्त्राचा हवाला देत भलतंसलतं बोलू नये, कारण मग तो पुनरुत्थानाबद्दल तरी आपलं कशाला ऐकेल?

मला अडवतं ते वेगळंच. डार्विनची मुलगी ॲनी दहा वर्षांची होऊन १८५१ साली गेली. आणि १८६० साली त्यानं ग्रेला पत्रात लिहिलं की जिवंत अळीच्या पोटात आपली पिल्लं वाढवणारी गांधीलमाशी एखाद्या दयाळू देवानं मुद्दाम घडवली असेल हे मनाला पटत नाही. आमच्या भागातल्या ऊसवाल्यांना हे लांबचं नाही. खोडकिड्यासाठी पानाला ट्रायकोकार्ड टाचतात, त्यात असेच बारीक कीटक असतात, किडीच्या अंड्यात अंडी घालून ती आतून खाणारे. उसाला ते वरदान. किडीच्या बाजूनं पाहिलं तर? डार्विनच्या ह्या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की सगळी सृष्टी कळा देणाऱ्या बाईसारखी कण्हते आहे. ते वाचलं की मला एवढं वाटतं की हा प्रश्न विचारणाऱ्याला शास्त्रानं दाराबाहेर ठेवलेलं नाही.

आता गर्भपात. इथे माझा हात जड होतो.

गच्चीवरच्या पोरांपैकी एकानं म्हणे भाच्याला सांगितलं, “माणूस प्राण्यातूनच आला तर गर्भ म्हणजे पेशींचा गोळा, त्याचं एवढं काय?” माणूस कुठून आला ह्यावर त्याची किंमत ठरत असती तर आपलं आधीच अवघड होतं, कारण उत्पत्ति म्हणते मातीतून. मातीपेक्षा माकड बरं की! पण त्याच पुस्तकात तो देवाचं प्रतिरूप आहे असं म्हटलंय आणि त्याला वय, वजन, लिंग, जात कसलीच अट घातलेली नाही. विज्ञान मला सांगतं की फलन झालं की आईबापांपेक्षा निराळी गुणसूत्रं असलेला मानवी जीव सुरू होतो, सहाव्या आठवड्याच्या आसपास हृदयाची हालचाल दिसते. त्या जिवाची किंमत किती, हे विज्ञान सांगत नाही, ते त्याचं कामच नाही. ते मला बायबलातलं १३९वं स्तोत्र सांगतं, आईच्या उदरात माझी घडण तूच केलीस म्हणून. गर्भपातानं एक जीव जातो असं मी मानते. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही.

पण हे मी एका बाईला सांगितलं होतं, आणि काय झालं ते सांगते.

२००९ची गोष्ट. आमच्या महिला मंडळाची प्रार्थनासभा झाली, चहा झाला, सगळ्या गेल्या, एक थांबली. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. सासरच्यांनी पलीकडे, म्हणजे कर्नाटक हद्दीत, सोनोग्राफी करून आणलेली. मुलगी. सासू म्हणाली होती, खाली कर नाहीतर घरी येऊ नको. घर ख्रिस्ती, रविवारी उपासनेला येणारं. हेही लिहितेय, कारण हे आपल्यात होत नाही अशी समजूत करून घेणारे खूप आहेत.

मी तिला १३९वं स्तोत्र उघडून वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “बाई, ते खरं. पण आज घरी गेल्यावर मी झोपू कुठं?”

माझ्याकडे तेव्हा वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती. धाकटा दीर दुबईला गेल्यापासून रिकामीच. माझ्या तोंडून ते निघालं नाही. शेजारीपाजारी काय म्हणतील, तिचा नवरा दारात येऊन तमाशा करील, आपल्यालाही मुली आहेत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला वाटेला लावलं. दोन महिन्यांनी ती पुन्हा सभेला आली, मागच्या बाकावर बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं.

माझा शब्द न शब्द शास्त्राला धरून होता. आणि त्या मुलीला मी मदत केली नाही. पोटातल्याही आणि समोरच्याही.

मार्च २०१७ मध्ये म्हैसाळचं उघडकीला आलं. आमच्याच मिरज तालुक्यातलं गाव. गर्भपातात एक बाई दगावली, तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. शाळेत त्या दिवशी मी वर्गावर गेले आणि फळ्यावर काही लिहूच शकले नाही. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. देशाचा १९९४ला झाला. तरी आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ला ९१३ होत्या त्या २०११ला ८९४वर आल्या. बीडमध्ये तर ८०७. कायदा होता, प्रवचनंही होती. त्या बायका मात्र रोज त्याच घरात झोपायला जात होत्या.

म्हणून मला कुणी विचारलं की गर्भपाताचा कायदाच रद्द करा म्हणून तू का सह्या मागत नाहीस, तर माझं उत्तर आईच्या आठवणींतून येतं. १९७१च्या गर्भपात कायद्याच्या आधी आणि नंतरही किती वर्षं, गावठी उपाय करून, काड्या घालून, ताप डोक्यात गेलेल्या बायका बैलगाडीतून यायच्या, आणि त्यातल्या सगळ्या परत जायच्या नाहीत. आई घरी येऊन न जेवता झोपायची. गर्भनलिकेत गर्भ राहिला तर आईच्या जिवावर बेततं, तिथे डॉक्टरनं हात आखडावा असं मी कसं म्हणू? अत्याचारातून दिवस गेलेल्या कोवळ्या पोरीपुढे मी निवाडा करायला बसणार नाही. जी करून आली आहे तिला दगड मारायचा हक्क मला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपावरून दगडांनी मारायला आणलेल्या ज्या बाईला प्रभूनं सोडवलं, तिला उपदेश करायच्या आधी त्यानं काय केलं? दगड धरलेले हात खाली करवले. तो क्रम आपण उलटा केलाय.

ह्या बाबतीत मला आपल्याच मातीतलं उत्तर सापडतं, ते १८६३ सालचं, पुण्यातलं. विधवा बाईला दिवस गेले की जीव द्यायचा किंवा बाळाचा जीव घ्यायचा, एवढेच रस्ते होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ते दोघं ख्रिस्ती नव्हते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि आपल्या मिशनऱ्यांनी जे शिकवलं त्यातलं नेमकं काय घ्यावं हे त्यांना आपल्यापेक्षा बरं कळलं होतं असं मला वाटतं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये कृपासदन काढलं, समाजानं ‘बिघडलेली’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या भाषांतर करत होत्या तेव्हा बाजूच्या खोल्यांत कोण झोपत होतं, तेही सांगत जाऊ या.

बायबलातलं पेत्राचं वचन आपल्याला पाठ आहे, तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा. वादविवादाच्या शिबिरात पोरांना तेवढंच पाठ करून घेतात. पुढचं, सौम्यतेनं द्या म्हणून सांगितलेलं, राहून जातं.

काही गोष्टी सरळ सांगते, कारण त्या बायकांना कुणी सांगत नाही. नवऱ्यानं, सासूनं जबरदस्तीनं गर्भपात करवला तर तो गुन्हा आहे, बाईच्या संमतीवाचून केला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मूल जन्माला घालून वाढवणं शक्य नसेल तर ते कचऱ्यात, देवळाच्या किंवा चर्चच्या पायरीवर ठेवायची गरज नाही, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं. सोपवल्यावर दोन महिने विचार बदलायला मिळतात. नाव उघड होत नाही. मी स्वतः दोघींबरोबर गेले आहे, तिथल्या बाकावर बसले आहे.

२०१७च्या मे महिन्यात आम्ही वरची खोली झाडून घेतली. लोखंडी कॉट, पंखा, गॅसची छोटी शेगडी. मिस्टरांनी आतून कडी बसवली, बाहेरून नाही. आजवर सहा जणी राहून गेल्या. तिघी मुलं घेऊन माहेरी गेल्या, दोघींनी मूल सोपवलं. एक आली ती पोटात मूल नसलेली, करून आलेली. तापानं फणफणली होती आणि घरचे घ्यायला तयार नव्हते. तीही राहिली, तीन आठवडे. तिला आम्ही एकही वचन वाचून दाखवलं नाही. जाताना तिनंच उपासना संगीताचं पुस्तक मागून घेतलं.

मंडळीतल्या दोघींनी बोलणं टाकलं. एकीनं दर महिन्याला पाच किलो तांदूळ पाठवायला सुरुवात केली, तो अजून येतो.

तर भाच्या, गच्चीवरच्या पोरांना हे वाचून दाखव. उत्क्रांतीबद्दल अजून काही अडलं तर फोन कर, मेंडेलवर मी तासभर बोलू शकते.

खोली ह्या आठवड्यापासून रिकामी आहे. मिरज, सांगली, जयसिंगपूर, कुपवाड भागात कुणाला गरज असेल तर मेसेंजरवर लिहा. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, काही विचारत नाही. रात्री उशिरा आलात तर मागच्या जिन्यानं या, दिवा लावलेला असतो.