नव्वद हजारांचा जगज्जेता

हेवीवेट बॉक्सिंगच्या 'हरवलेल्या पिढी'वरचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. ग्रेग पेज, टोनी टब्स, टिम विदरस्पून, पिंकलन थॉमस, मायकेल डोक्स ही १९८०च्या दशकातली अमेरिकन नावं, प्रत्येकापुढे कोकेन, हेरॉइन, खादाड असा एकेक शिक्का आणि खाली तात्पर्य. देवाने हातात ताकद दिली, यांनी ती मातीत घातली. आळशी होते, नशेबाज होते, माइक टायसन आला आणि सगळ्यांना झोपवून गेला. लाखो डॉलर कमावले, उडवले, शेवटी कंगाल झाले. दोष त्यांचाच.

नशेचं खरं आहे, ते आधीच मान्य करून टाकतो. डोक्सने डिसेंबर १९८२मध्ये माइक वीव्हरला ६३ सेकंदांत संपवून डब्ल्यूबीएचा (जगज्जेतेपद देणाऱ्या अनेक संघटनांपैकी एक) बेल्ट घेतला आणि पुढे कोकेनने त्याला आतून पोखरलं. टब्सचं तर काय सांगावं! मार्च १९८८मध्ये टोकियोत टायसनशी लढण्याआधी त्याला आमिष होतं, वजन २३५ पौंडांच्या आत आणलंस तर ५० हजार डॉलर जादा. गडी २३८ भरला. दुसऱ्या फेरीत खेळ खलास.

पण थॉमसला त्याच रांगेत उभं करताना मजकूर लिहिणाऱ्याने जरा थांबायला हवं होतं. हा पोरवयातच हेरॉइनच्या तावडीत सापडला होता. जगज्जेता झाला तो त्यानंतर, १९८४मध्ये. व्यसनाने पुन्हा गाठलं हेही खरं, पण पुढे तो त्यातून सुटला आणि इतरांना सोडवायच्या कामाला लागला. विदरस्पूनच्या चाचणीत गांजा सापडला तो जानेवारी १९८६मध्ये टब्सला हरवल्यानंतर. म्हणजे ज्या लढतीवरून त्याला नशेबाज म्हणतात, ती तो जिंकला होता.

आळशी? मे १९८३मध्ये विदरस्पूनच्या गाठीला जेमतेम १५ लढती होत्या. समोर जगज्जेता लॅरी होम्स, तोवर एकदाही न हरलेला. विदरस्पून पूर्ण १२ फेऱ्या लढला आणि हरला तोही पंचांच्या विभागलेल्या निकालावर. त्या रात्री जिंकला विदरस्पूनच, असं मानणारे आजही भेटतात. मीही त्यातलाच. आळशी माणसाने होम्सला बारा फेऱ्या घाम फोडून दाखवावा.

टायसनने सगळ्यांना झोपवलं म्हणावं, तर या पाचांपैकी दोघेच त्याच्याशी अधिकृतपणे लढले, टब्स आणि थॉमस. थॉमस सहाव्या फेरीपर्यंत टिकला. पेजची टायसनशी लढत कधी झालीच नाही. जानेवारी १९९०मध्ये टोकियोत सरावाच्या वेळी मात्र पेजनेच टायसनला खाली पाडलं, आणि काही दिवसांतच त्याच शहरात बस्टर डग्लसने तेच सगळ्या जगासमोर केलं.

आता पैसा. मजकुरात 'लाखो डॉलर कमावले' हे शब्द आहेत आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

१९ जुलै १९८६, लंडनचं वेम्बली. आव्हान देणारा फ्रँक ब्रुनो, घरचा लाडका. बेल्ट विदरस्पूनकडे. अकराव्या फेरीत त्याने ब्रुनोला लोळवलं आणि बेल्ट राखला. हरलेल्या ब्रुनोला मिळाले सुमारे ९ लाख डॉलर. जिंकलेल्या जगज्जेत्याच्या हातात पडले सुमारे ९० हजार.

हे झालं कसं? प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा, डॉन किंग. विदरस्पूनचा मॅनेजर कार्ल किंग, डॉनचा सावत्र मुलगा. मॅनेजरचं कामच मुळी प्रमोटरशी घासाघीस करून आपल्या माणसाचा आकडा वाढवून घेण्याचं. इथे घासाघीस व्हायची ती एकाच घरात. वरून मॅनेजरचा वाटा, सराव शिबिराचा खर्च, हे आणि ते. ज्याने कांद्याची पट्टी हातात घेतली आहे, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता खाली उरलेला आकडा वाचला आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

पाच महिन्यांनी, डिसेंबर १९८६मध्ये, न्यूयॉर्कला टब्स ऐनवेळी गळाला आणि विदरस्पूनसमोर 'बोनक्रशर' स्मिथ आला. याच स्मिथला त्याने आदल्या वर्षी गुणांवर हरवलं होतं. यावेळी विदरस्पूनच पहिल्याच फेरीत तीनदा खाली गेला, बेल्ट गेला. मजकुरात ही लढत 'आळसाचा पुरावा' म्हणून येते. वेम्बलीच्या पट्टीचा मात्र त्यात उल्लेखही नाही. विदरस्पूनला मी संत करत नाहीये, त्या रात्री तो वाईटच लढला. पण जिंकून दहावा हिस्सा मिळालेल्या माणसाच्या मनात पुढच्या लढतीची किती ओढ उरावी? त्याने डॉन किंगवर दावा लावला. प्रकरण मिटलं, सुमारे १० लाख डॉलर मिळाले, तेही उमेदीची वर्षं सरल्यावर.

राहता राहिलं 'शेवटी कंगाल झाले'. लुइव्हिलचा पेज, म्हणजे मुहम्मद अलीच्याच गावचा, आणि पोरसवदा असताना अलीबरोबर सराव केलेला. १९८४च्या डिसेंबरमध्ये सन सिटीत गेरी कोएट्झीला पाडून तो जगज्जेता झाला. ९ मार्च २००१ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी, तो केंटकीतल्या अर्लँगरच्या पील्स पॅलेस नावाच्या क्लबात डेल क्रो नावाच्या तरुणाशी लढत होता. मानधन १,५०० डॉलर. दहाव्या फेरीत ठोसा बसला आणि तो दोरांवर कलंडला. दाराशी रुग्णवाहिका नव्हती. आत ऑक्सिजन नव्हता. मेंदूत रक्तस्राव होत होता आणि माणसं रुग्णवाहिकेची वाट बघत त्याच्याभोवती उभी होती.

त्या दिवशी रुग्णवाहिका ठेवायला कुणाचं व्यसन आड आलं होतं, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्याने सांगावं. डावी बाजू लुळी झालेला पेज चाकाच्या खुर्चीत आला. २००७मध्ये केंटकी राज्याने १२ लाख डॉलर देऊन खटला मिटवला आणि राज्यातल्या लढतींचे सुरक्षा नियम त्याच्या नावाने आले. २७ एप्रिल २००९ रोजी तो राहत्या घरी वारला. ५० वर्षांचा होता.