‘तपासच होत नव्हता’ म्हणे! साउथ कॅरोलायनातल्या खुनांवरचा फॉरवर्ड आणि खरे कागद

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या गावांबद्दल. म्हणणं थोडक्यात असं: एकोणिसाव्या शतकात तिकडे खेड्यात माणूस मेला की विचारणारं कुणी नव्हतं, ना पोलीस ना तपास, पुरला की विषय संपला. खून व्हायचे ते इज्जतीपायी, पिस्तुलं घेऊन समोरासमोर. गुलामांना मालक जिवे मारत नसत, कारण गुलाम महाग, आपल्याच पैशाला आग कोण लावेल. आणि यादवी युद्धानंतर (गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेलं, १८६१-६५) कायदाच उरला नाही, म्हणून लोकांना तो हातात घ्यावा लागला.

चारही मुद्दे वाचायला झकास आहेत आणि चारही चुकलेत, फक्त सारखे चुकलेले नाहीत, म्हणून एकेक घेतो. उदाहरणं साउथ कॅरोलायना राज्याची घेतोय, त्यातही एजफिल्ड जिल्हा आणि आसपासची, कारण मारामारी-खुनांसाठी तो भाग त्या काळातच बदनाम होता.

तर, ‘विचारणारं कुणी नव्हतं’. पोलीस नव्हते हे खरंय. शेरीफ (जिल्ह्याचा कायदा राखणारा अधिकारी) होता, आणि रात्री गुलामांवर नजर ठेवायला गोऱ्यांच्या गस्ती फिरायच्या, बस. पण मेलेल्याची चौकशी करायला एक वेगळा माणूस नेमलेला असायचा, कॉरोनर. इंग्रज जिथे गेले तिथे हे पद घेऊन गेले, आपल्या मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर होता, आणि तो थेट १९९९ पर्यंत टिकला. बाकी महाराष्ट्रात पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचांसमोर पंचनामा करतात, साधारण तसंच काम.

कुणी अचानक किंवा संशयास्पद मेलं की कॉरोनर, तो लांब असेल तर जवळचा मॅजिस्ट्रेट, गावातले डझनभर पुरुष गोळा करायचा (हीच ज्यूरी, युद्धाआधी सगळे गोरे), त्यांना शपथ द्यायचा, आणि मग सगळ्यांनी प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, त्याशिवाय चौकशीच होत नसे, पुरलेलं असेल तर कधी उकरूनसुद्धा काढायचे. डॉक्टर मिळाला तर तो जखमा तपासणार, साक्षी लिहून घेणार, सही येत नसेल तर फुली. शेवटी ज्यूरीनं निकाल लिहायचा की अमका तमक्याच्या हातून असा असा मेला. आणि कॉरोनरला दर चौकशीमागे फी मिळायची, म्हणजे टाळाटाळ करून त्याचंच नुकसान.

असे कागद फक्त सहा काउंट्यांचे (म्हणजे जिल्ह्यांचे) मिळून दीड हजारांवर शिल्लक आहेत, जॉर्जिया विद्यापीठातल्या इतिहासकारांनी ते गोळा करून सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवलेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं दोन-चार जरी उघडून बघितले असते तरी पहिलं वाक्य लिहायची हिंमत झाली नसती. त्यात खून तर आहेतच, पण दारू पिऊन गारठून मेलेले, नदीत बुडालेले, घोड्यावरून पडलेले, वीज पडून गेलेले, आगीपाशी कपडे पेटून भाजलेल्या बायका आणि पोरं, गळफास घेतलेले, हे पण भरपूर.

आणि तान्ही बाळं. यावर जरा थांबायला पाहिजे. गुलाम बाई दिवसभर शेतात राबून रात्री बाळाला कुशीत घेऊन झोपायची, सकाळी बघते तर बाळ गार. ज्यूरीचा निकाल काय, तर आईच्या अंगाखाली दबून गुदमरलं, म्हणजे आईचाच निष्काळजीपणा. आता अभ्यासक म्हणतात की यातली बरीच बाळं झोपेतच दगावली असणार, ज्याला आज डॉक्टर सडन इन्फंट डेथ म्हणतात, आणि आईला गरोदरपणात शेवटपर्यंत राबवलं, धड खायला घातलं नाही, याचा त्यात मोठा हात असावा. पण मालकानं गरोदर बाईला किती राबवलं हा प्रश्न त्या निकालात येतच नाही. म्हणजे तपास झाला, कागद झाला, बारा जणांच्या सह्या झाल्या, फक्त दोष कुणाकडे जाऊ शकतो ते आधीच ठरलेलं होतं. खरी भानगड इथे आहे, तपास नसण्यात नाही.

आता ते पिस्तुलं घेऊन समोरासमोर, म्हणजे ड्युएल, ते पटकन उरकतो. ड्युएल व्हायचे, कुणी नाकारत नाही, १८३८ मध्ये राज्याच्या एका माजी गव्हर्नरनं तर ड्युएलच्या नियमांचं पुस्तकच छापलं होतं, तेही राज्यात १८१२ पासून ड्युएलवर बंदी असताना! पण ते मूठभर बड्या लोकांचं काम, आणि ते फक्त बरोबरीच्या माणसाशी खेळायचं, ज्याला खालचा समजता त्याला काठीनं नाहीतर चाबकानं बडवायचं. एजफिल्डचा खासदार प्रेस्टन ब्रूक्स यानं २२ मे १८५६ ला सेनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सेनेटर चार्ल्स समनरला बसल्या जागी काठीनं रक्तबंबाळ केलं, ड्युएलचं आव्हान दिलं नाही ते यामुळेच. शिक्षा काय, तर ३०० डॉलर दंड. त्यानं राजीनामा दिला आणि मतदारांनी त्याला परत निवडून दिलं, वर लोकांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. बाकी कॉरोनरच्या कागदांमधले खून बघा, दारूचा गुत्ता, पत्त्यांचा डाव, जुनं वैर, खिशातला सुरा, नवरा-बायको. यात शूर सरदार कुठे आहेत? राज्यातला शेवटचा गाजलेला ड्युएल जुलै १८८० चा, कॅश नावाच्या कर्नलनं कॅमडेनच्या शॅनन नावाच्या वकिलाला मारलं. कॅशवर खटला चालला आणि तो सुटला.

आता तो ‘गुलाम महाग होता’वाला मुद्दा. शिकल्यासवरल्या लोकांनाही हा पटतो, हिशोबाचा वाटतो ना. पण हा मुद्दा आला कुठून माहितीय? व्हर्जिनियाच्या १६६९ च्या कायद्यातून. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा आरोप नाही, कारण स्वतःची मालमत्ता कुणी मुद्दाम नष्ट करेल असं मानताच येत नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे मालकांनी मालकांना सोडवायला शोधलेली पळवाट, ती साडेतीनशे वर्षांनी आपल्या ग्रुपवर इतिहास म्हणून येते.

साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्यानं गुलामाच्या मुद्दाम केलेल्या खुनाला शिक्षा ठेवली ७०० पौंड दंड, रागाच्या भरात मारला तर निम्मा. गोरा साक्षीदार हजर नसेल तर आरोपी मालक शपथेवर ‘मी नाही मारलं’ म्हणून सुटू शकत होता. १८२१ मध्ये मुद्दाम खुनाला फाशी आली, पण रागाच्या भरात मारला तर जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड आणि ६ महिने कैद. आता तुम्हीच सांगा, वकील कुठला रस्ता धरणार? शिवाय गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्टात चालतच नव्हती, आणि चाबकाचे फटके बघणारे बहुतेक वेळा काळेच. आणि मारणारा दर वेळी मालक नसायचाच, मुकादम असायचा, भाड्यानं गुलाम घेतलेला शेजारी असायचा, गस्तवाला असायचा, त्याच्या खिशाला काय तोशीस?

कुणी म्हणेल गोऱ्यांना फाशी झालीच की. झाली. १८५४ मध्ये वॉल्टरबरोला मोटली आणि ब्लॅकलेज या दोघांना लटकवलं, पळून गेलेल्या एका गुलामाला कुत्र्यांकरवी हाल करून मारल्याबद्दल. पण अशी प्रकरणं इतकी कमी की गुलामगिरीचे समर्थक ‘बघा, आमच्याकडे न्याय आहे’ म्हणायला हीच दाखवायचे.

शेवटचा मुद्दा, युद्धानंतर कायदाच उरला नाही. इथे फॉरवर्डवाल्यानं गोष्ट पूर्ण उलटी केलीय. १८६८ च्या नव्या राज्यघटनेनंतर उलट पहिल्यांदाच काळी माणसं ज्यूरीत बसायला लागली, मॅजिस्ट्रेट व्हायला लागली. एजफिल्डचा काही भाग तोडून १८७१ मध्ये एकेन काउंटी झाली, त्यात सव्हाना नदीकाठी हॅम्बर्ग नावाचं गाव, बहुसंख्य काळी वस्ती. तिथला न्यायाधीश प्रिन्स रिव्हर्स, जन्म गुलामीत, युद्धात केंद्राच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात सार्जंट. १८७६ च्या ४ जुलैला काळ्या मिलिशियाची (स्थानिक नागरिकांच्या सशस्त्र तुकडीची) कवायत रस्त्यावर चालली होती, दोन गोऱ्यांची बग्गी अडली, वाद झाला, तक्रार रिव्हर्सकडेच आली. ८ जुलैला सुनावणीच्या दिवशी शेकडो हत्यारबंद गोरे गावात हजर, त्यांचा वकील माजी जनरल मॅथ्यू बटलर, मागणी काय, तर मिलिशियानं बंदुका आमच्या स्वाधीन कराव्यात. नाही म्हटल्यावर गोळीबार, नदीपलीकडच्या ऑगस्टा शहरातून तोफ आणली. एक गोरा मारला गेला, सहा काळे, आणि त्यातल्या चौघांना तर पकडल्यावर रात्री नावं पुकारून एकेक बाहेर काढून गोळ्या घातल्या.

आता बघा पुढे काय झालं. रिव्हर्सनं रीतसर चौकशी भरवली, ज्यूरी बसवली, साक्षी घेतल्या, आणि नव्वदच्या आसपास गोऱ्यांची नावं कागदावर आणली. कायदा होता, चौकशी होती, नावं होती. खटला एकावरही चालला नाही. त्याच वर्षीची निवडणूक गोऱ्यांनी बंदुकांच्या जोरावर फिरवली, १८७७ मध्ये काळ्यांच्या हातातली पदं गेली. त्यानंतर लिंचिंगच्या (जमावानं खटल्याविना मारून टाकण्याच्या) चौकशांमध्ये गर्दीतले चेहरे सगळ्या गावाला ओळखीचे असताना ज्यूरी लिहायची, ‘अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू’. हे काम कॉरोनर नसताना झालं नाही, कॉरोनरच्या फॉर्मवर झालं. लोकांनी कायदा हातात घेतला म्हणताय ना, ज्यांच्या हातात तो आधीपासून होता त्यांनीच तो परत घेतला.

बटलर १८७७ ला सेनेटर झाला आणि १८ वर्षं राहिला. मग त्याला कुणी हरवलं? बेन टिलमननं, जो त्या रात्री हॅम्बर्गमध्ये त्याच जमावात होता आणि पुढे आयुष्यभर भाषणांमधून ते अभिमानानं सांगत फिरला.