आण्णांचं बूच

नायटा माझ्या डाव्या हातावर आहे आणि दाढी तोंडावर येते, हा साधा मुद्दा तासगावातल्या सलूनवाल्याला शेवटपर्यंत पटला नाही. बाही वर सरकली, कोपराखालचं लाल कडं त्याला दिसलं आणि गळ्याभोवती बांधलेला कपडा त्यानं चिमटीत धरून काढून घेतला. "दादा, बरं झाल्यावर या. बाकीची गिऱ्हाइकं बघत्यात." तोच कपडा सकाळपासून अर्ध्या गावाच्या मानेवरून फिरून माझ्याकडे आला होता. त्याच्याविषयी बाकीच्या गिऱ्हाइकांची काही तक्रार नव्हती.

शेजारच्या खुर्चीत आमचे आण्णा होते. भिंतीला भिंत लागून गोठा असलेले शेजारी. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. सलूनची खुर्ची जमिनीत बोल्ट मारून बसवलेली असते म्हणून, नाहीतर त्यांनी ती उचलून रस्त्यावर नेली असती. ती हलेना तेव्हा आण्णा स्वतःच पलीकडच्या हातावर इतके कलले की कारागिराला वस्तरा थांबवावा लागला.

"कालवडीचं हाय न्हवं त्ये?" त्यांनी आरशातल्या मला विचारलं. थेट माझ्याकडं बघून विचारलं असतं तर बहुतेक नजरेतूनही लागण झाली असती.

"हो, कालवडीचंच."

"लागट असतंय. आमच्या म्हशीस्नी असलं कायबी न्हाई."

"तुमच्या म्हशींना गोचीड आहेत, आण्णा."

"गोचीड म्हंजी काय रोग हाय व्हय?"

आता आण्णांचं पहिलं वाक्य खरं होतं हे मान्य करायला हवं. वासराच्या डोळ्याभोवती, कानावर, मानेवर राखाडी पांढरे, जाड, कोरडे चट्टे येतात ते ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीचे. ती माणसाला लागते. वासरू बगलेत धरून जंताचं औषध पाजणाऱ्याच्या हातावर हमखास येते. पण तिच्याइतका निरुपद्रवी पाहुणा गोठ्यात दुसरा नाही. अंधाऱ्या, ओल्या गोठ्यात दाटीनं बांधलेल्या, वर्षाच्या आतल्या वासरांना ती होते आणि दोन-चार महिन्यांत बहुतेकदा आपोआप जाते. घाई असेल तर हातमोजे घालून खपल्या कोमट साबणपाण्यानं भिजवाव्यात, खरवडून काढाव्यात आणि जाळून टाकाव्यात. उकिरड्यावर टाकल्या तर बुरशीचे कण खपलीत, लाकडी खुंट्यात, दाव्यात महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या वासराची वाट बघतात. मग सहा टक्के बेंझोइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं व्हिटफिल्ड मलम किंवा आयोडीन लावावं. डोळ्याच्या कडेला आयोडीन अजिबात नको. आणि वासरू उन्हात बांधावं. एवढंच.

माणसाचा नायटा मात्र माणसाच्याच डॉक्टरला दाखवावा. मेडिकलमध्ये नुसती बाही वर केली की एक ट्यूब पुढं येते. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी खिचडी असते. स्टिरॉइडमुळं खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब संपली की कडं दुप्पट होऊन हजर. मला ती ट्यूब घेण्याचा सल्ला त्याच सलूनमध्ये तीन जणांनी दिला. दाढी करायला मात्र एकही तयार नव्हता.

तर गोचीड.

"मी काय करतो सांगतो तुला," आण्णा म्हणाले. आता फेस सुकायला लागला होता, पण ज्ञानदान सुरू झाल्यावर आण्णा थांबत नाहीत. "द्राक्षाच्या बागंत औषध मारून झालं की ब्लोअरच्या टाकीत बुडाला थोडं ऱ्हातंय का न्हाई? त्यात पाणी वतायचं आन म्हशीवर सोडायचं. गोचीड पटापटा खाली."

"औषध कसलं?"

"आता कसलं म्हंजी... थ्रिप्सचं असतंय, भुरीचं असतंय, दावण्याचं असतंय. जे त्या दिवशी मारलंय त्ये."

"दावण्या द्राक्षवेलीचा रोग, म्हशीला होत नाही, आण्णा."

"म्हणूनच न्हाई झाला!"

या युक्तिवादावर सलूनमधली बाकावरची मंडळी माना डोलवत होती. मी म्हटलं, ठीक, बाग बाजूला ठेवू. दुकानातून आणलेलं औषध कधी वापरता का?

"वापरतो की. बुचानं."

"कुठल्या बुचानं?"

आण्णांनी हात लांब केला, समोरच्या फळीवरच्या आफ्टरशेव्हच्या बाटलीचं बूच काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "हे एवढं. दोन घालायची."

"पण बाटली मोठी असली की बूच मोठं असतं."

"मग एक घालायचं."

"किती पाण्यात?"

"बादलीभर."

"बादली केवढी?"

"घरातली," आण्णा म्हणाले, आणि माझ्या बुद्धीची कीव आल्यासारखं बूच परत लावून टाकलं. चुकीच्या बाटलीला.

मला खरा राग आला तो इथं. नाण्याएवढ्या नायट्याला घाबरून खुर्चीतून निम्मा बाहेर लोंबणारा हा गृहस्थ द्राक्षाचं विष उघड्या हातानं कालवतो आणि त्याच हातानं तंबाखू मळतो. एरवी त्याच्याइतका काटेकोर माणूस पंचक्रोशीत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय माल हलत नाही, म्हणून कुठल्या फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही हे आण्णांना पाढ्यासारखं पाठ आहे. परदेशी माणसाच्या पोटात काय जातं याची ही काळजी! घरच्या म्हशीचं दूध मात्र संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवलं की सुटलं. फवारणी काल झाली की परवा, कुणी विचारत नाही. ते दूध नातू पितो, युरोप नाही.

पिकाचं औषध जनावरावर का नको, हे बाकावर कुणालाही ऐकायचं नव्हतं, म्हणून इथं सांगतो. त्यातली काही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. चाटण्यातून, कातडीतून ती अंगात गेली की जनावर लाळ गाळतं, डोळ्यांतून पाणी येतं, अंग थरथरतं, आणि डॉक्टर ॲट्रोपिन घेऊन वेळेत पोचले नाहीत तर आडवं होतं. शिवाय ज्या द्रावकात ती विरघळवलेली असतात त्यानंच कातडी भाजते. मग तिथले केस जातात आणि 'खरूज झाली' म्हणून त्याच्यावर परत तेच मारलं जातं.

जनावराची औषधं वेगळी आहेत आणि त्यांचं माप मिलिलिटरमध्ये आहे. डेल्टामेथ्रिन साडेबारा टक्के नाही, सव्वा टक्क्याचं; गोचिडांसाठी लिटरला दोन मिली. अमिट्राझ मात्र खरोखर साडेबारा टक्के. गोचिडाला लिटरमागं दोन, खरजेला चार. दशांश चिन्ह इकडचं तिकडं झालं की काय होतं ते वर सांगितलं आहे. दोन्ही एकत्र कालवायची नाहीत. मोजायला सुई काढलेली सिरिंज घ्या, पाच रुपयांची. मोठी गाय नीट भिजायला तीन-चार लिटर पाणी लागतं. पाठीवर तुषार उडवून देवपूजा केल्यासारखं करण्यात अर्थ नाही, कारण गोचीड पाठीवर फारशी बसत नाही. ती कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, मांडीच्या सांध्यात, कासेवर, गळ्याच्या पोळीखाली बसते. फवारा केसांच्या उलट्या दिशेनं मारायचा. आधी जनावराला पोटभर पाणी दाखवायचं, म्हणजे ते स्वतःला चाटत नाही. गव्हाण रिकामी, वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची, अंगावर उघडी जखम नको. दूध काढून झाल्यावर मारायचं आणि पुढच्या धारेआधी कास धुवायची. हातमोजे घालायचे. अगदी कोवळ्या वासराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. आणि गाईच्या अंगावरचं उरलेलं औषध घरच्या मांजरावर मारायचा मोह आवरायचा. परमेथ्रिनसारख्या औषधांनी मांजर मरतं.

इंजेक्शनवाले वेगळेच. आयव्हरमेक्टिन एक टक्क्याचं पन्नास किलो वजनाला एक मिली, कातडीखाली. खरजेवर आणि रक्तपित्या उवांवर ते छान चालतं. खरजेला चौदा दिवसांनी परत द्यावं लागतं, कारण अंडी त्यानं मरत नाहीत. पण दुभत्या जनावराला ते असंच टोचून टाकायचं नसतं, दुधातून उतरतं. मेडिकलवाला हे सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. खरूज आहे का हे तरी कुणी बघतं का? खरजेचं जनावर खुंटाला, भिंतीला अंग घासून घासून रक्त काढतं आणि कातडी सुरकुतून जाड होते. नायट्याच्या वासराला फारशी खाज नसते. शंका असेल तर चट्ट्याच्या कडेला ब्लेडनं रक्ताचा दव येईपर्यंत खरवडून तो चुरा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला आख्खं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण रोगाचं निदान सलूनच्या बाकावर फुकट होतं.

बाकावरचा एक जण म्हणाला, "ह्ये लम्पी तर न्हवं?" झालं. 2022 साली लम्पी आला तेव्हा बैलबाजार बंद पडले, गोठे ओस पडले, ते दुःख खरंच आहे. पण तो देवीच्या कुळातला विषाणू गाईगुरांचा. माणसाला होत नाही. तरी त्या एका शब्दानं माझ्या शेजारची खुर्ची पूर्ण रिकामी झाली. आणि ज्याला घाबरायचं ते? आण्णा गोचीड उपटतात आणि दोन नखांत फोडतात, टच्च आवाज आला की समाधानानं हसतात. हायलोमा जातीच्या गोचिडातून क्रायमियन-काँगो ताप माणसाला येतो. 2011 मध्ये गुजरातेत माणसं दगावली आहेत. क्वचित येतो हे खरं, पण नायट्यानं कुणी मेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि संकरित गाईला त्याच गोचिडातून थायलेरिया होतो: कडक ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, डोळ्याच्या आतलं कातडं पांढरंफटक. बुपारव्हाकोन वेळेत टोचलं तर वाचते.

मुळात जनावरावर दिसतात ते थोडे गोचीड. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालून मरते. अंगावरची मारली आणि भेग सोडली, तर तिसऱ्या आठवड्यात नवी फौज चढते आणि 'औषधात दम न्हाई' असा निकाल लागतो. म्हणून ज्या दिवशी जनावर फवारायचं त्याच दिवशी गोठा. भेगा गिलाव्यानं बुजवायच्या, गव्हाणीच्या खालची बाजू, खुंटांची मुळं, छताची वासे-पट्टी फवारायची. चारा हलवून, पाण्याची बादली जवळ ठेवून भिंतींच्या सांध्यांवरून फ्लेम गन फिरवायची. कडब्याच्या गंजीशेजारी हा उद्योग करू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं. पंधरा ते एकवीस दिवसांनी सगळं परत.

आणि भिंत सामाईक असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी. म्हणून बाहेर पडता पडता मी आण्णांना गळ घातली. माप माझं, सिरिंज माझी, तुम्ही फक्त म्हशी बांधून ठेवा. आण्णांनी साफ गालावरून हात फिरवत विचार केला.

"औषधाचं पैसं कोण देणार?"

"निम्मे निम्मे."

"निम्मं कशाला? गोचीड तुझ्या जर्सीची हायती. आमच्या म्हशीवर ती नुसती बसाया येत्यात."

संकरित गाईवर गोचीड जास्त चढते आणि म्हशीवर त्या मानानं कमी, हे दुर्दैवानं खरं आहे. पैसे मी दिले. बाटली आण्णांकडं आहे; बूच आवडलं म्हणून त्यांनी ठेवून घेतलीय.