मागाशिवाय उभी राहिलेली यक्षी

सोलापुरात शिल्पकलेचा विषय निघाला की गाडी चौकातल्या पुतळ्यांवर येऊन थांबते. ब्राँझ, फायबर, चौथरा, अनावरण. ज्या गावाचं पोट धाग्यावर भरतं, त्या गावात मृणालिनी मुखर्जी हे नाव फारसं कुणाला माहीत नसावं, हे मला खटकतं. या बाईंनी सुमारे तीन दशकं दोरीची शिल्पं केली. दोरीचीच. नुसत्या गाठी मारून, माणसाहून उंच.

जन्म 1949चा, मुंबईतला. वडील चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. आई लीला मुखर्जी स्वतः शिल्पकार, लाकडात आणि ब्राँझमध्ये काम करणाऱ्या. आईचं नाव लोक सहसा विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. मृणालिनीबाईंचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं, तेही शिल्पकलेचं नाही. आधी पेंटिंग आणि मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र. सुब्रमण्यन त्याआधी मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनचं काम करून आलेले. कारागिरी खालची आणि कला वरची ही उतरंड त्यांना मान्यच नव्हती. दोरीला हात घालायची मुभा अशाच गुरूकडे मिळते.

कलादालनाच्या पाटीवर साहित्य म्हणून ‘हेम्प’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे अंबाडीचा, घायपाताचा वाख असतो ना, कासरे आणि चऱ्हाटं वळायचा, त्याच स्वभावाचा हा तंतू. जाड, खरखरीत, हाताला बोचणारा.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, कुणालाही पटेल असा मुद्दा. मागावर काय पडतं? चौकोन. चादर घ्या नाहीतर टॉवेल घ्या, नक्षी विणणाऱ्या जकार्डवर कितीही मोर काढा, उभा ताणा बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावर, ताणलेला आहे आणि आडवा बाणा त्याला काटकोनातच जाणार. टेरी टॉवेलला दुसरा बीम लावून तुम्ही कापडाला पाईल देता, म्हणजे थोडी जाडी देता. पण कापड सपाट ते सपाटच. मृणालिनीबाईंनी मागच काढून टाकला. गाठीला काटकोनाची सक्ती नाही. ती कुठूनही सुरू होते आणि कुठल्याही दिशेला वाढते. ‘यक्षी’ (1984) किंवा ‘वनश्री’ (1994) यांचे फोटो बघा. ओठासारख्या पाकळ्या, आत वळलेल्या घड्या, खोल पोकळ्या. हे कापड शिवून केलेलं नाही, दोरीच तशी वाढवत नेली आहे. आधी रेखाचित्र काढून मग काम, अशीही त्यांची रीत नव्हती.

गाठ कशी चालते ते सांगतो, कारण समीक्षेत सगळे ‘आदिम ऊर्जा’ वगैरे लिहितात आणि गाठीबद्दल एक ओळ नसते. चौकोनी गाठीला चार दोऱ्या लागतात. मधल्या दोन आधाराच्या, कडेच्या दोन गाठीच्या. डावी दोरी आधारावरून उजवीकडे न्यायची. उजवी तिच्या टोकावरून घेऊन आधाराच्या मागून डावीकडे आणायची आणि तिथे तयार झालेल्या फासातून पुढे काढायची. ही अर्धी गाठ. दुसरी अर्धी बरोबर उलट्या बाजूने. दोन्ही मिळून पट्टा सरळ उतरतो. दर वेळी एकाच बाजूने सुरुवात केलीत तर पट्टा मळसूत्रासारखा पिळा घेतो. नवशिक्याची ही चूक, पण जाणत्याच्या हातात वेल काढायची युक्ती.

फुगवटा हवा असेल तर दोऱ्या वाढवायच्या आणि गाठ किंचित सैल ठेवायची. कंबर हवी असेल तर दोऱ्या मागे सोडून द्यायच्या आणि गाठी आवळायच्या. नवीन दोरी जोडताना टोकाला टोक बांधू नये, जाड दोरीत तिथे गाठोडं दिसतं. बीम संपल्यावर ताण्याची टोकं जोडणाऱ्या कामगाराची बारीक गाठ सुतात लपते, दोरीत लपत नाही. नवी दोरी आधाराच्या दोऱ्यांसोबत आत घालायची आणि पाच-सहा गाठींनंतर बाहेर काढून कामाला लावायची.

दोरी किती खाते, याचा अंदाज हमखास चुकतो. आधाराची दोरी तयार लांबीपेक्षा थोडीच जास्त लागते. गाठीची मात्र चार ते पाच पट. दोरी जाड असेल तर त्याहून जास्त. म्हणजे सहा फुटांच्या एका पट्ट्याला कडेची प्रत्येक दोरी पंचवीस-तीस फूट. अंगाएवढ्या शिल्पात असे किती पट्टे असतील ते मोजा, मग एकेका कामात महिनोन् महिने का जात असतील ते कळेल.

रंगाचं तर रंगारी लोकांनी बघावं. घट्ट पिळाच्या दोरीत रंग आतपर्यंत पोचत नाही, गाभा फिका राहतो. गाठी मारून झाल्यावर रंगवायला गेलात तर गाठीच्या पोटात पांढरं उरतं आणि एवढं ओलं वजन वाळायला दिवस लागतात, बुरशी धरते. म्हणून दोरी आधी रंगवायची, सैल लडी करून, वजनाच्या वीसपट पाण्यात. एका शिल्पाचा रंग एकाच लॉटमध्ये होत नाही. टॉवेलच्या लॉटमध्ये फरक पडला तर माल परत येतो. इथे मात्र जांभळ्यातला थोडा कमीजास्तपणा अंगावरच्या सावलीसारखा दिसतो.

आणि वजन. हा तंतू स्वतः फारसा ताणत नाही, पण टांगल्यावर गाठी बसतात आणि काम खाली उतरतं. त्यामुळे आत धातूचा सांगाडा लागतो. लोखंड उघडं ठेवलं तर दमट हवेत गंज दोरीत उतरतो आणि तो डाग निघत नाही. रंगवलेल्या तंतूला प्रखर उजेडही सोसत नाही. संग्रहालयं तो 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे अगदी मंद, आसपास ठेवतात, म्हणजे सोलापुरातल्या खिडकीपाशी हे ठेवायचं नावच काढू नका.

पुढे 1996मध्ये त्यांनी नेदरलँड्समध्ये सिरॅमिक केलं, मग ब्राँझकडे गेल्या. मेणात थेट हाताने घडवायचं, साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साच्यात ओल राहिली तर ओततानाच वाफ होऊन साचा फुटतो. मोठी कामं आहेत, वाद नाही. पण ब्राँझ केल्यावर त्या ‘खऱ्या’ शिल्पकार झाल्या असा सूर कुणी लावला की मला राग येतो. ब्राँझमधल्या पानांच्या घड्या बघा, त्या दोरीतच शिकलेल्या आहेत. गाठी मारणं म्हणजे कुंडी टांगायचं मॅक्रमे, बायकांचा छंद, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी ‘रुद्र’ आणि ‘देवी’ (दोन्ही 1982) केली. 1994ला ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन झालं. 2015मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झालं आणि त्याच सुमारास त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात मोठं प्रदर्शन लागलं ते 2019ला, म्हणजे बघायला त्या नव्हत्या.

टेक्स्टाइलच्या किंवा चित्रकलेच्या मुलांनी एकदा हात घालून बघावा. 4 मिलिमीटरची सुतळी घ्या, किराण्याच्या पुड्या बांधायची बारीक नको. सहा-सहा मीटरचे आठ तुकडे दुमडून काठीवर अडकवा, सोळा दोऱ्या होतील. पहिल्या ओळीत चार गाठी. दुसऱ्या ओळीत कडेच्या दोन-दोन दोऱ्या सोडून मध्ये तीन. तिसरी पुन्हा पहिलीसारखी. वीतभर झालं की मधल्या आठ दोऱ्यांच्या गाठी सैल घ्या, कडेच्या आवळा, मध्यभाग पुढे येऊ लागेल. दोरी बोचते म्हणून ती भिजवून काम करायचा मोह होईल, तो टाळा. ओला तंतू फुगलेला असतो, वाळला की बारीक होतो आणि गाठ ढिली पडते. एप्रिलच्या सोलापुरात तर संध्याकाळपर्यंतच. बोटांना चिकटपट्टी गुंडाळा आणि कोरडीच आवळा.