रायगडावर नवा राजवाडा? अजिबात नको!

आज पुन्हा एका ग्रुपवर तेच. फ्रान्सच्या अल्सासमधल्या ओ-कोनिग्सबूर किल्ल्याचा चकाचक फोटो आणि खाली, "युरोपवाले बघा किल्ले कसे पुन्हा उभे करतात! रायगडावर राजवाडा कधी?" खाली लाइकचा पाऊस. डोकंच फिरलं.

अरे, त्या किल्ल्याचा इतिहास तरी वाचा! आई माझ्याकडे जर्मनीत आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो होतो. साडेसातशे मीटर उंचीवर तांबूस दगडाचा देखणा किल्ला. आई भिंतीवर तळवा टेकवायची आणि विचारायची, "हा दगड तेव्हाचा की आत्ताचा?" प्रत्येक दालनात हेच.

मूळ किल्ला बाराव्या शतकातला. १४६२ मध्ये पाडला गेला, पुढे टिअरश्टाइन घराण्याने तोफांच्या हिशेबाने जाडजूड बुरूज घालून परत बांधला. १६३३ मध्ये स्वीडिश फौजेने ५२ दिवस वेढा घालून तो जाळला. नंतर अडीचशे वर्षं नुसते पडके अवशेष. १८७१ मध्ये जर्मनीने अल्सास घेतलं, १८९९ मध्ये सेलेस्ता गावाने ते अवशेष कैसर (जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मला नजर केले, आणि १९०० ते १९०८ मध्ये त्याने वास्तुविशारद बोडो एबहार्टकडून अख्खा किल्ला उभा करून घेतला. कशासाठी? हा मुलुख पहिल्यापासून आमचाच, हे ठसवायला! कैसरच्या दालनात छतभर गरुड रंगवलाय. आईला तोच सगळ्यात आवडला. विसाव्या शतकातला आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग तो फोटो पुसून टाक."

आणि १९१९ मध्ये किल्ला फ्रान्सचा झाला. कैसरची हौस अकरा वर्षं टिकली.

एबहार्टने उत्खनन करून, जुने कागद तपासून काम केलं, मान्य. लहान मुलांना तिथे किल्ला चटकन कळतो, तेही मान्य.

पण रायगड? १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली, राजवाडा जळाला, जोती उरली. त्या जोत्यांवर आई चप्पल काढून चालते. तिथे तिने तो प्रश्न कधी विचारला नाही.

ढासळणारे तट सावरा, टाक्यांतला गाळ काढा, निखळलेला चिरा त्याच्याच जागी बसवा. वर्गणी मागा, पहिली माझी. कुणा पुढाऱ्याच्या हौसेपायी मनाने रचलेला राजवाडा त्या जोत्यांवर चढवणार असाल, तर मात्र माझा विरोध लिहून घ्या. एवढीच हौस असेल तर खाली पायथ्याला प्रतिकृती बांधा. आईला घेऊन, तिकीट काढून बघायला येईन.