आरके-फोर ‘चौथ्या ऑर्डरची’ आहे, म्हणून काय झालं?

प्रोजेक्टचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या एमएस्सी फिजिक्सच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉन सिम्युलेट करायचाय? बोरिस पद्धत 1970 ची, दुसऱ्या ऑर्डरची, जुनाट. आरके-फोर चौथ्या ऑर्डरची. तीच घ्या, स्टेप बारीक ठेवा, विषय संपला.’ दोन्ही पद्धती कणाचा मार्ग संगणकावर वेळेच्या छोट्या पावलांनी (स्टेप) काढतात; आरके-फोर म्हणजे रुंगे-कुट्टा.

आधी ऑर्डरचं बघू. स्टेप कमी केली की चूक किती झपाट्यानं घटते, एवढंच ऑर्डर सांगते. चूक कुठे साठत जाते हे ती सांगत नाही, आणि इथे सगळी मेख त्यातच आहे. एकसारखं चुंबकीय क्षेत्र घ्या, विद्युत क्षेत्र शून्य. बल कायम वेगाला काटकोनात, म्हणजे कण गोल फेऱ्या मारत राहतो आणि ऊर्जा हलायलाच नको. आता एका फेरीला 20 पावलं धरून आरके-फोर चालवा. एका पावलात कण जितका कोन वळतो, तो रेडियनमध्ये घेऊन त्याचा सहावा घात करा आणि 72 ने भागा: दर पावलाला ऊर्जेचा साधारण तेवढा हिस्सा गळतो. लाखात 1.3, किरकोळच. पण 1,000 फेऱ्यांनंतर 23 टक्के ऊर्जा गायब असते आणि 10,000 नंतर जेमतेम 7 टक्के उरते. कुठे टक्कर नाही, घर्षण नाही, तरी कण थकला!

बोरिसमध्ये विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का, मग चुंबकीय क्षेत्रानं वळवणं, मग उरलेला अर्धा धक्का. वळवताना वेगाची दिशा बदलते, लांबी नाही. तिचीही चूक आहेच, पण ती कोनात: त्याच 20 पावलांत कण 0.8 टक्के मागे पडतो, सव्वाशेएक फेऱ्यांत एक अख्खी फेरी. रंकाळ्याला चालणाऱ्यांपैकी एकजण मागे राहतो, दुसरा हळूहळू पाण्यात उतरतो, फरक एवढाच.

स्टेप निम्मी केली तर आरके-फोरची दर फेरीची गळती 32 पट कमी होते, हे मान्य. पण 1 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका मायक्रोसेकंदात 28,000 फेऱ्या मारतो, आणि आरके-फोर दर पावलाला क्षेत्र चारदा विचारते, बोरिस एकदा. प्लाझ्माच्या (विद्युतभारित कणांच्या वायूच्या) कोडमध्ये लाखो कण असले की हे बिल कोण भरणार?

‘जुनाट’वर वेळ घालवत नाही. मात्र बोरिसची बाजू घेणारे ‘ती सिम्प्लेक्टिक आहे’ म्हणतात, तेही चूक. ती फक्त फेज स्पेसचं, म्हणजे कणांची स्थानं आणि वेग मिळून होणाऱ्या अवकाशाचं, आकारमान राखते; सिम्प्लेक्टिक असणं ही त्याहून कडक अट. तिची खरी अडचण प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणाऱ्या कणांची: विद्युत आणि चुंबकीय बल एकमेकांना खोडतात तिथे ती घसरते. त्यावर 2008 मध्ये वे यांनी आणि 2017 मध्ये हिगेरा-कॅरी यांनी उपाय दिले. टीका करायची तर तिथे करा.

आणि जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारखा एकदाच आरपार जाणारा इलेक्ट्रॉन असेल, तर आरके-फोर खुशाल वापरा. तिथे एक फेरीही पुरी होत नाही.